तोलाची खूण

केशवापूर, हुबळी
१८ सप्टेंबर २०२५

साकेत,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज जातो आणि तिथंच लटकतो, म्हणजे माझा नंबर बंद करून ठेवलायस हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. टपालवाल्याला काही बंद करता येत नाही. गांधीधामला तू अजून त्याच घरात आहेस हे आईनं सांगितलं. दर रविवारी तिच्याशी बोलतोस, आणि माझं नाव निघालं की तुला मीटिंग असते. रविवारी कसली रे मीटिंग?

कामाचं सांगते. जॉब मिळाला. तारिहाळच्या एका कारखान्यात टांझानियाच्या साखर कारखान्यासाठी पाच बॉडी होतायत, उसाचा रस आटवायची अवाढव्य भांडी. एकेक नव्वद टनांच्या आसपास, आडवी ठेवली तर आपल्या केशवापूरच्या घरापेक्षा लांब. कंटेनरमध्ये जायचा प्रश्नच नाही. पहिली बॉडी रस्त्यानं कारवारला न्यायची आणि जहाजात चढवून द्यायची, सगळं आपल्या नावावर. नेसरीकर हेवी ट्रान्सपोर्ट, हुबळी. आजवर आपण मुंबईच्या पार्ट्यांचे हमाल होतो. जॉब त्यांचा, नाव त्यांचं, बंदराच्या फाटकापर्यंत आपण, तिथून पुढं ते. या वेळी फाटकाच्या आत मी जाणार.

तू काय म्हणाला होतास ते मी विसरलेले नाही. भाऊबीज होती, ताटं वाढलेली होती, दाजीबानपेठेतले काका-काकू पाटावर बसले होते. अप्पांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, "अक्का, तू ट्रकवाली आहेस. जहाजाचं काम तुझं नव्हे. अ‍ॅक्सल विकून टाकू." मी काय म्हणाले तेही मला आठवतं, ते इथं लिहीत नाही. तू ओवाळून न घेता उठलास. काकूनं ते ताट झाकून ठेवलं आणि संध्याकाळी गाईला घातलं.

तुझं म्हणणं मला कळत नाही असं समजू नकोस. बंदर आपल्या दारात नाही, मधे घाट आहे, पूल जुने आहेत, पावसाळ्याचे महिने गाडी हलत नाही. सगळं खरं. पण जॉब इथं जन्माला येतात ना? बंदराशेजारी क्रेन घेऊन बसलेले शंभर आहेत. तारिहाळहून समुद्रापर्यंत नव्वद टन अंगावर घेऊन जाणारे किती आहेत? अप्पांनी एवढ्यासाठीच तर कापडाच्या गाठींचे ट्रक विकले आणि ती चाकांच्या ओळींची हायड्रॉलिक गाडी, हेच आपले अ‍ॅक्सल, घेतली. काकांनी तेव्हा त्यांना वेड्यात काढलं होतं. तू तेव्हा शाळेत होतास आणि पहिल्या दिवशी त्या गाडीवर चढून बसला होतास, उतरायला तयार नव्हतास.

तू पाठवलेले विक्रीचे कागद माझ्या कपाटात आहेत. तुझी सही झालेली आहे, माझी जागा कोरी. पुण्याचा तो गिऱ्हाईक अजून फोन करतो. मी आईला शब्द दिलाय, तुलाही सांगून ठेवते. ही पहिली बॉडी जहाजात चढली तर उरलेल्या चार आपल्याकडे, आणि अ‍ॅक्सल राहतील. नाही चढली तर कारखाना काम मुंबईला देणार आहे, आणि मी मुकाट्यानं तुझ्या कागदांवर सही करीन. मग यार्डात काय भाज्या लावायच्या त्या लावू.

जहाज कुठल्या कंपनीचं ते अजून ठरलेलं नाही.

अक्का


केशवापूर, हुबळी
३ ऑक्टोबर २०२५

साकेत,

पाकिटात बन्नीची पानं घातली आहेत. चुरगळली असतील. बंगारदंग इरूणु, सोन्यासारखं राहू या, असं तोंडानं म्हणायला तू समोर नाहीस म्हणून लिहिते. भांडण असलं तरी सोनं दिल्याशिवाय दसरा होत नाही, आणि पानं परत पाठवायची पद्धत आपल्यात नाही, तेव्हा ठेवून घे.

जॉब, म्हणजे ती पहिली बॉडी, आपल्या यार्डात आलाय. कारखान्याला त्यांच्या पूजेसाठी शेड मोकळी हवी होती, म्हणून त्यांनी तो लवकर बाहेर काढला, त्यांच्याच क्रेननं आपल्या अ‍ॅक्सलवर ठेवून दिला आणि आम्ही गब्बूरला आणून उभा केला. त्यांची इंजिनीअर दीपश्री म्हणून एक पोरगी आहे, धारवाडची. तिनं शेडमध्येच दोन दिवस खपून जॉब जॅकवर तोलून बघितला आणि खुणा केल्या, दोर कुठं बांधायचे, तोल कुठं आहे. तुला काय सांगायचं म्हणा, जहाजात माल कसा उचलायचा ते ठरवणं हा तर तुझा रोजचा धंदा. क्रेनचा हूक ज्या जागेच्या बरोबर डोक्यावर यायला हवा ती जागा.

खंडेनवमी यंदा दणक्यात केली. अप्पा गेल्यापासून नुसता नारळ फोडत होतो. या वेळी मारुतीनं ऐकलं नाही. त्याला ओळखतोस ना, की गुजरातच्या हवेत तोही विसरलास? अळणावरकडचा, अप्पांच्या पहिल्या ट्रकवर क्लीनर होता, आता अ‍ॅक्सलची गाडी त्याच्याशिवाय हलत नाही. त्यानं गावाकडून ऊस आणले, झेंडूची पोती आणली. जॅक, साखळ्या, पाने, ट्रॅक्टरं, सगळं धुऊन रंगवलं. आपल्या यार्डातलं लोखंड त्या दिवशी बिनरंगाचं ठेवायचं नाही, हे अप्पांनी घालून दिलेलं. मी आईला घेऊन पूजेची तयारी करत होते. बाहेर येऊन बघते तर जॉबलाही नवा करडा रंग चढलेला! क्रेनच्या दोरांनी जागोजाग खरचटलं होतं, ते नवऱ्या मुलीच्या अंगावरचे ओरखडे झाकावेत तसं झाकलेलं. मी म्हटलं, अरे, हा आपला आहे का? तर मारुती म्हणाला, "पाव्हणा आहे, अक्का. सणाला घरचे नवे कपडे घालणार आणि पाव्हण्याला जुन्यात बसवणार काय?" मला हसूच आलं. रंग कारखान्याच्याच डब्यातला होता, तेव्हा बोलायलाही जागा नव्हती.

राजू पेंटरनं सगळ्या खुणाही नव्यानं काढल्या, दोरी लावून, मापून, काळ्या-पांढऱ्या रंगात. नंबर प्लेटा रंगवून त्याचा हात असा बसलाय की रेघेवरून बोट फिरवावं. कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, आईनं अ‍ॅक्सलला हळदकुंकू लावलं. मग ती तिथंच खुर्चीवर बसून राहिली. म्हणाली, साकेतला हे बघायला हवं होतं. मी म्हटलं, त्याला मीटिंग असेल.

परवानग्यांच्या मागे लागलेय. रस्तेवाले, पूलवाले, पोलीस, वीजवाले. एकाचा कागद आला की दुसऱ्याची मुदत संपते. पण आणीनच.

अक्का


केशवापूर, हुबळी
२४ ऑक्टोबर २०२५

साकेत,

काल भाऊबीज झाली. मी चंद्राला ओवाळलं, ज्यांचा भाऊ जवळ नाही त्या ओवाळतात तसं. एवढंच लिहिते या विषयावर.

जहाज ठरलं. तुमच्या कंपनीचं आहे. मी मागितलं नव्हतं. कारखान्याच्या एजंटानं परस्पर ठरवलं, मला नाव कळलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं बदलून घ्यावं. मग म्हटलं, का म्हणून? मी काही तुझ्या दारात मेहेरबानी मागायला आलेले नाही. पण उद्या कुणी म्हणायला नको की नेसरीकरांचा भाऊ आत आहे म्हणून काम झालं, यासाठी तुला आधी सांगते. तू यात पडू नकोस. चांगल्यासाठीही नको, वाईटासाठीही नको.

पूलवाल्यांनी सतावलं. कलघटगीच्या पुढच्या एका छोट्या पुलावर त्यांचा इंजिनीअर म्हणाला, बाई, वजन सोसेल याची मी लेखी हमी देणार नाही. मी म्हटलं, देऊ नका, मी पुलाला हात न लावता जाते. शेजारी ओढ्यात मुरूम टाकून, पाइप घालून कच्ची वाट केली. चार दिवस मी स्वतः तिथं छत्री घेऊन उभी होते. तुझे भावोजी कॉलेजातून फोन करून विचारायचे, आज घरी की ओढ्यात?

वाटेवरच्या तारा मारुतीनं गाडीवर जॉबच्या उंचीचा कळक, उंच बांबू, उभा करून मापल्या. सतरा ठिकाणी अडत होत्या, वीजवाल्यांची माणसं बरोबर येणार आहेत. घाटातली वळणं मी तीनदा बघून आले. एक वळण असं आहे की तिथं गाडीला मागंपुढं करत पोट आवळून जावं लागणार. मारुती म्हणतो, जाईल. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, गेल्याशिवाय आपलं चालायचं नाही म्हणून. 

तीस तारखेला निघतोय. जहाज पाचला कारवारला लागणार आणि सातला पहाटे निघणार. थांबणार नाही हे तू मला सांगायला नको. तुमची जहाजं कुणासाठी थांबत नाहीत.

अक्का


यल्लापूर
२ नोव्हेंबर २०२५

साकेत,

हे लॉजच्या टेबलावर बसून लिहितेय. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून अक्षर असं.

काल कर्नाटकाचा राज्योत्सव होता हे मी साफ विसरले होते, आणि हुबळीत जन्मलेल्या बाईनं हे विसरावं म्हणजे हद्द झाली. वाटेतल्या एका गावानं रस्त्यावर लाल-पिवळी कमान उभी केली होती. मारुतीचा कळक त्या वाटेनं गेला तेव्हा तिथं काहीच नव्हतं. आमचा जॉब कमानीपेक्षा हातभर उंच. पुढं भुवनेश्वरी देवीची मिरवणूक, मागं आमच्यामुळं अडलेल्या गाड्यांची रांग, आणि पोलीस मला विचारतोय, आता?

मी खाली उतरले आणि त्यांच्या प्रमुखाशी कन्नडमधून बोलले. म्हटलं, अण्णा, ही बॉडी तारिहाळला झाली, आपल्या माणसांनी केली, आफ्रिकेला चाललीय. सणाच्या दिवशी हिला कमानीखालून वाट द्या, नाहीतर आम्ही मिरवणूक होईपर्यंत बाजूला उभे राहतो, तुमचा सण मोडणार नाही. तो वर बघत राहिला. मग त्यानं विचारलं, यावर कर्नाटक असं कुठं लिहिलंय का? खरंच लिहिलं होतं. राजूनं दसऱ्यालाच आपल्या नावाखाली हुबळी, कर्नाटक असं इंग्रजीत आणि कन्नडात काढलं होतं. त्यांनी देवीची मिरवणूक आधी नेली, मग कमानीचे बांबू एका बाजूनं सोडले, आणि वीसेक माणसांनी ती उचलून धरली. आम्ही खालून गेलो. त्यांनी जॉबवर फुलं टाकली, वर मला पेढा दिला.

मारुती आज दिवसभर खुशीत आहे. मला मात्र झोप नाही. उद्या घाट. अप्पा असते तर पुढं चालले असते, गाडीच्या पुढं, पाठ करून, हातानं खुणा करत. मी तशी चालणार आहे. आईला सांगू नकोस.

भीती वाटते का असं तू विचारलं असतंस तर खरं सांगितलं असतं. वाटते. पण तू विचारलेलं नाहीस.

अक्का


कारवार, बंदर
६ नोव्हेंबर २०२५, दुपार

साकेत,

घाट उतरला. चाकाचा एक टायर फुटला, बाकी ओरखडा नाही. काल संध्याकाळी जॉब धक्क्यावर आला तेव्हा मी फाटकातून आत चालत गेले, माझ्या नावाचा पास गळ्यात घालून. समोर तुमचं जहाज. त्याच्या क्रेनी बघून दोन पावलं मागं सरले, खोटं कशाला बोलू.

आज सकाळी दोर बांधले. हूक खाली आला. मारुतीनं नारळ हातात घेतला होता. आणि जहाजाच्या मेटनं, माल चढवून घेणाऱ्या अधिकाऱ्यानं, हात वर करून सगळं थांबवलं. म्हणाला, ऑफिसचा हुकूम आहे, हा नग उचलायचा नाही.

कुठल्या ऑफिसचा? तर गांधीधाम.

मी तुला काय लिहिलं होतं? यात पडू नकोस. चांगल्यासाठीही नको, वाईटासाठीही नको. वाचता येत नाही का तुला? तीन वर्षांत एक ओळ लिहिली नाहीस. आईच्या आजारपणात आला नाहीस. आणि आज, हूक लागल्यावर, माझ्या माणसांसमोर, परक्या माणसाच्या तोंडून मला थांब म्हणतोस? तुला त्या कागदांवर माझी सही हवी आहे ना? मग सरळ तसं सांगायचं. ट्रकवालीला धक्क्यापर्यंत येऊ द्यायचं आणि पाणी दिसल्यावर मागं ढकलायचं, हे कुठं शिकलास? अप्पांनी नव्हतं शिकवलं.

कागद माझ्या पर्समध्ये आहेत. बरोबर घेऊन आले होते, हरले तर इथंच सही करायची म्हणून. पेन पण आहे. पण मी अजून हरलेली नाही. जहाज पहाटेपर्यंत आहे. मी त्या मेटकडे परत चाललेय, त्याला म्हणावं, हुकूम काय आहे तो शब्दन्‌शब्द दाखव.

हे पत्र आताच टाकणार होते. थांबते.


तीच तारीख, संध्याकाळ

मेटनं फोन पुढं केला. इंग्रजीत तुझी मेल. खाली तुझं नाव. मी चष्मा लावून वाचली.

तू लिहिलं होतंस की फोटोत या नगाला नवा रंग दिसतोय. दसऱ्याला रंग दिल्यावर खुणा पुन्हा कुणी काढल्या ते विचारा. जुनी खूण रंगाखाली शोधा, सापडेपर्यंत उचलू नका, आणि सापडली की लगेच उचला, उद्यावर टाकू नका.

मेटनं मला विचारलं, मॅडम, दसरा म्हणजे काय?

साकेत, मी मारुतीकडे बघितलं, रंगाला हात मारायला बरोबर आणलेल्या राजूकडे बघितलं. रंगाचं यांनी कुणाला सांगितलं असेल का? मग लक्षात आलं, मी सोडून हे कुणी बाहेर सांगितलेलंच नाही. आईला खुणांतलं काही कळत नाही, आणि मी एकाच माणसाला लिहिलं होतं. तो माणूस पत्रं वाचत होता.

राजूला समोर घेतलं. त्यानं सरळ सांगितलं. जुनी खूण रंगाखाली गेली, मग त्यानं जॉबच्या दोन्ही टोकांना दोरी धरली, दुमडली आणि अर्ध्यावर खूण केली. म्हणाला, "अक्का, तोलाची जागा मध्यावरच असणार ना?" मी त्याला काय बोलणार? बॉडीच्या एका टोकाला जाड पोलादी तबकडी आहे, नळ्यांचा सगळा गठ्ठा त्या बाजूला आहे, हे मला माहीत आहे. कारखान्यात मी स्वतः बघितलंय. तरी हुबळीपासून कारवारपर्यंत ती खूण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला ती सुंदर दिसत होती. ती अ‍ॅक्सलच्या मध्यावर येत नव्हती, केवढी तरी सरकलेली होती, आणि आमच्यापैकी एकालाही खटकलं नाही, कारण ती जॉबच्या बरोब्बर मधोमध होती.

दीपश्रीला फोन लावला. ड्रॉइंगवर बघून सांग म्हटलं. ती घाबरली. म्हणाली, ड्रॉइंगवरची जागा जुनी आहे री मॅडम, नंतर तबकडी जाड केली, म्हणूनच मी प्रत्यक्ष तोलून खूण केली होती, तीच खरी. म्हणजे खरी जागा जगात एकाच ठिकाणी होती, आम्ही हौसेनं दिलेल्या रंगाच्या खाली.

बाजारातून थिनरचे डबे आणले. मी पदर खोचला आणि शिडी चढले. मारुती नको नको म्हणत होता, त्यालाही एक फडकं दिलं. आम्ही तिघांनी जड टोकाच्या बाजूनं पुसत आणलं. करडा रंग सुटून हातांवर ओघळत होता, डोळे चुरचुरत होते, वर उन्हानं लोखंड तापलेलं. धक्क्यावरची माणसं काम सोडून बघत उभी राहिली. खूप वेळ काहीच दिसेना. मला वाटलं, जुना रंगही नव्याबरोबर निघून गेला. पर्समधलं पेन आठवलं. मग मारुतीच्या फडक्याखाली काळ्या रंगाची कड आली. आम्ही हळूहळू, नुसत्या बोटांनी, सगळी मोकळी केली. दीपश्रीची खूण. जरा वाकडी, घाईत काढलेली. राजूच्या खुणेपासून दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत इतकी लांब.

मेट स्वतः शिडीवर आला. मी त्याला खाली नेऊन अ‍ॅक्सलच्या पुढच्या आणि मागच्या घड्याळांवरचं प्रेशर दाखवलं. दोन्हीकडे सारखं. कारखान्यानं जॉब ठेवला तेव्हा याच खुणेवरून ठेवला होता, आणि ती खूण आता बरोबर अ‍ॅक्सलच्या मध्यावर दिसत होती. त्यानं मान हलवली आणि दोर सोडून पुन्हा बांधायला सांगितले.

ऊन उतरताना हूक लागला. पहिल्यांदा वीतभरच उचलला. मी वाकून त्याच्या पोटाखालची फट बघत होते. या टोकाला जेवढी, त्या टोकाला तेवढी. जॉब सरळ वर गेला, वळला आणि जहाजाच्या पोटात उतरला. सकाळी राजूच्या खुणेवर उचलला असता तर जड टोक खाली गेलं असतं. त्या टोकाला दोर धरून मारुती उभा होता. पुढचं मला लिहवत नाही.

मी रडले. सगळ्यांसमोर. मारुतीनं नारळ फोडला आणि मेटला खोबरं दिलं.

दुपारचा मजकूर फाडणार होते. फाडत नाही. तू तीन वर्षं माझ्याशी न बोलता बसलास त्याचा तो राग आहे, आणि तो खराच आहे.

अक्का


केशवापूर, हुबळी
१२ नोव्हेंबर २०२५

साकेत,

कारखान्यानं उरलेल्या चार बॉडी आपल्याला दिल्या. आजच कळलं. त्यातली पहिली फेब्रुवारीत निघेल, बाकीच्या पावसाच्या आत. दीपश्रीनं आता खुणांवर पोलादी ठोकणीनं खाचा मारायचं ठरवलंय, म्हणजे कितीही दसरे आले तरी पुसायच्या नाहीत. राजू तोंड चुकवत होता. त्याला मी परवा यार्डाच्या फाटकावरचं नाव नव्यानं रंगवायला बसवलं. तिथं मात्र मधोमधच हवंय, असं सांगितलं तेव्हा कुठं हसला.

आईला सगळं सांगितलं. दोराच्या टोकाला मारुती होता हे सोडून. ती म्हणाली, मग दोघं बोललात का? मी म्हटलं, त्यानं मेल केली. कुणाला? जहाजाला. त्यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला आत जाऊन चहा ठेवावा लागला.

मी किती वेळा विचार केला, तू ती मेल मलाच का नाही केलीस. नंबर उघडून एक फोन केला असतास तर मी ऐकलं नसतं, हे तुला माहीत होतं. मी म्हटलं असतं, आला मोठा शिकवायला. आणि हूक वर गेला असता. तू माझ्याशी भांडण्याऐवजी मारुतीला वाचवलंस. त्याच्या बायकोनं अळणावरहून तुझ्यासाठी नाचणीचं पीठ पाठवलंय. तिला मी खरं सांगितलं.

विक्रीचे कागद या पाकिटात परत पाठवतेय. सही केलेली नाही आणि करणार नाही. तू चुकीचा होतास, साकेत, तेव्हाही आणि आजही. हे काम इथूनच व्हायचंय. पण एकट्या ट्रकवालीनं ते व्हायचं नाही, आणि हे म्हणायला मला कुणाची लाज वाटत नाही.

कागदांची मागची बाजू कोरी होती, ती वापरली आहे. पुढच्या बॉडीचं चित्र काढलंय, लांबी, उंची, वजन, तबकडीचं टोक कुठलं ते. दोर कुठं बांधायचे तेही. तोलाची जागा तेवढी मोकळी सोडली आहे. दीपश्री तोलून देईल, पण रंग लावायच्या आधी ती खूण तू येऊन बघायची.

तू येईपर्यंत यार्डात कुणाला ब्रश हातात घेऊ देणार नाही.

तुझी अक्का